बूच लावले, पाणी कोठे गेले? जुन्या खाणींची सफाई आणि भूजलाचा हिशेब

ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅनिमस नदीची छायाचित्रे जगभर पाहिली गेली. हळद कालवावी तसे पिवळे-नारिंगी झालेले पाणी डोंगरातून खाली ड्युरँगो शहरापर्यंत आणि तेथून पुढे सॅन हुआन नदीत गेले. कोलोरॅडो राज्यातील सिल्व्हर्टन या खाणगावाच्या वरच्या बाजूला गोल्ड किंग नावाची जुनी सोन्याची खाण आहे. तिचे ढासळलेले तोंड मोकळे करण्याचे काम तेथील केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेच्या देखरेखीखाली चालू होते. ५ ऑगस्टच्या सकाळी मातीचा ढीग थोडा उकरला गेला आणि त्यामागे कोंडलेले सुमारे १ कोटी १० लाख लिटर आम्लधर्मी पाणी लोह, शिसे, कॅडमियम, आर्सेनिक असे सगळे घेऊन सिमेंट क्रीक या ओढ्यात उतरले. खालच्या बाजूच्या नवाहो या मूळनिवासी जमातीच्या शेतकऱ्यांना ऐन उन्हाळ्यात पिकांचे पाणी बंद करावे लागले.

या घटनेचे तांत्रिक परीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाले. ढिगाऱ्यामागे पाणी आहे हे कामावरच्या लोकांना ठाऊक होते. ते बोगद्याच्या छतापर्यंत भरून दाबाखाली आलेले आहे, हे मात्र त्यांच्या अंदाजात नव्हते. वरून एक छिद्र पाडून आतली पाण्याची उंची मोजली असती तर कामाची आखणीच बदलली असती, असा परीक्षणाचा निष्कर्ष होता. विशेष म्हणजे शेजारच्या रेड अँड बोनिटा या खाणीत हीच तपासणी आधी केलेली होती. एवढ्यावर थांबले तर हा निष्काळजीपणाचा एक प्रसंग ठरतो. परंतु त्या बोगद्यात एवढे पाणी आले कोठून, हा प्रश्न विचारला की गोष्ट सुमारे वीस वर्षे मागे जाते, आणि जुन्या खाणींच्या सफाईत भूजलाचे गणित मांडणे का टाळता येत नाही, हे तेथेच कळते.

त्याच डोंगरात सनीसाइड ही मोठी खाण १९९१ पर्यंत चालू होती. तिच्या तळाशी अमेरिकन टनेल नावाचा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा बोगदा होता आणि खाणीतले पाणी त्यातून आपोआप बाहेर पडत असे. हा प्रवाह मिनिटाला सुमारे साडेसहा हजार लिटर होता, म्हणजे दर दीड मिनिटाला एक मोठा टँकर भरावा एवढा. खाण बंद झाल्यावर हे पाणी शुद्ध करण्याचा खर्च किती काळ करायचा, असा प्रश्न उभा राहिला आणि राज्य सरकार व कंपनी यांच्यात १९९६ मध्ये ठरले की बोगद्यात काँक्रीटचे बूच बसवावे. पहिले बूच त्याच वर्षी बसले आणि पुढच्या काही वर्षांत आणखी दोन बसवण्यात आली. अमेरिकन टनेलचे पाणी जवळजवळ थांबले. मग काही वर्षांनी त्याच डोंगरातल्या ज्या खाणींच्या तोंडाशी पूर्वी फारसे पाणी नसे, त्या वाहू लागल्या. गोल्ड किंग त्यांतलीच एक.

बूच बसवल्यामुळेच गोल्ड किंगमध्ये पाणी आले का, यावर वाद झाला, आणि सनीसाइडच्या कंपनीने हा संबंध नाकारला. असा वाद होऊ शकतो, हेच मला येथे महत्त्वाचे वाटते. डोंगराच्या पोटातले पाणी कोणत्या वाटेने कोठे जाते याचा मोजमापावर उभा राहिलेला हिशेब आधीपासून असता, तर इतका मोठा प्रश्न मतामतांवर सुटायला राहिला नसता.

बूच लावण्याची कल्पना मुळात अडाणीपणाची नव्हती. सोने, चांदी, जस्त, शिसे यांच्या अनेक खनिजशिरांबरोबर पायराइट हे लोह आणि गंधक यांचे सोनेरी चमकणारे संयुग असते. खडक अखंड आणि पाण्याखाली असतो तोवर ते शांत राहते. खाणकामाने डोंगर पोखरला की हवा आत शिरते. हवेतला प्राणवायू आणि पाणी मिळाले की पायराइटचे विघटन होऊन गंधकाम्ल तयार होते. त्या आम्लात वाढणारे काही जीवाणू ही क्रिया कितीतरी पटींनी वेगवान करतात, आणि ते आम्ल आजूबाजूच्या खडकातले जस्त, तांबे, कॅडमियम विरघळवून घेते. असे पाणी उघड्या ओढ्यात आले की त्यातले लोह गंजाच्या रंगाचा साका होऊन तळाशी बसते. म्हणून विचार असा की खाण पुन्हा पाण्याने भरू द्यावी, हवा बाहेर राहील आणि आम्ल तयार होणे मंदावेल. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. तथापि पाण्याची पातळी चढत असताना कोरड्या भिंतींवर वर्षानुवर्षे साचलेले आम्लधर्मी क्षार प्रथम विरघळतात, त्यामुळे सुरुवातीचे पाणी बहुधा सर्वांत वाईट असते. शिवाय पातळी चढली की दाब चढतो, साधारण दर दहा मीटर उंचीमागे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलोच्या हिशेबाने. पाणी दोनशे मीटर चढले तर बुचावरच नव्हे, आतल्या प्रत्येक भेगेवर त्या प्रमाणात भार येतो. पूर्वी जी भेग कोरडी होती ती आता वाट बनते.

ती वाट कोणती असेल, हे आधी सांगण्याचा प्रयत्न म्हणजे भूजलाचे मॉडेल.

मॉडेल हा शब्द ऐकला की संगणकाच्या पडद्यावरचे रंगीत चित्र डोळ्यांसमोर येते. ते चित्र शेवटी येते. मूळ वस्तू जमाखर्चाची वही आहे. डोंगराचे काल्पनिक चौकोनी ठोकळे पाडायचे, कधी काही हजार, कधी काही लाख. प्रत्येक ठोकळ्यात शेजारच्या ठोकळ्यांतून किती पाणी आले, वरून पावसाचे आणि बर्फाचे किती मुरले, किती पुढे गेले, आणि उरलेल्यामुळे पातळी किती चढली वा उतरली, हे मांडायचे. एका ठोकळ्यातून दुसऱ्यात पाणी किती जाईल याचा नियम आन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये दिला. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना त्याने वाळूने भरलेल्या उभ्या नळांतून पाणी सोडून पाहिले, आणि असे दिसले की दोन टोकांच्या पाण्याच्या उंचीत जेवढा फरक जास्त तेवढा प्रवाह जास्त, आणि अंतर जेवढे जास्त तेवढा तो कमी. बाकी सर्व त्या वाळूच्या गुणावर, म्हणजे ती पाणी किती सहज वाहू देते यावर. या गुणाला जलवाहकता म्हणतात. आज जगभर सर्वाधिक वापरले जाणारे मॉडफ्लो हे संगणकीय साधन अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. ते कोणालाही विनामूल्य मिळते, आणि त्याच्या गाभ्याशी हाच नियम लक्षावधी वेळा सोडवला जातो.

अडचण सुरू होते ती डोंगर म्हणजे वाळूचा नळ नसतो म्हणून. सिल्व्हर्टनचा परिसर प्राचीन ज्वालामुखीच्या खडकांचा आहे. आपला दख्खनचा पाषाणही ज्वालामुखीचाच असल्यामुळे, जरी दोन्हींची जडणघडण वेगळी असली, तरी मुद्दा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला फोड करून सांगावा लागत नाही. एका शेतात साठ फुटांवर पाणी लागते आणि बांधापलीकडे दोनशे फूट बोअर मारूनही नुसती धूळ उडते. अखंड पाषाण पाणी सोडत नाही. पाणी असते ते सांध्यांत, भेगांत आणि झिजलेल्या थरांत. हातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारा पाणाड्या आणि भूजलशास्त्रज्ञ यांना सतावणारे कोडे एकच आहे. फरक एवढा की शास्त्रज्ञाला आपले उत्तर चुकले तर कोठे चुकले, हे दाखवून द्यावे लागते.

खाणीच्या डोंगरात या भेगांच्या जोडीला माणसाने केलेल्या वाटा असतात. आडवे बोगदे, विहिरीसारखे उभे शाफ्ट, खनिज काढून रिकाम्या झालेल्या कपारी, आणि शंभर वर्षांपूर्वी चाचपणीसाठी पाडून तशीच सोडलेली छिद्रे. बोगद्यातले पाणी डार्सीच्या नियमाने झिरपत नाही, ते नळातल्यासारखे धावते. ज्या ठोकळ्यातून बोगदा जातो त्याची जलवाहकता शेजारच्या अखंड खडकाच्या कोट्यवधी पट धरावी लागते, किंवा बोगद्यांचे जाळे नळयोजनेसारखे वेगळे मांडून खडकाच्या मॉडेलला जोडावे लागते. म्हणून या कामात जुन्या खाणींचे नकाशे सोन्याच्या मोलाचे ठरतात. ते नेहमी पूर्ण असतात असे नाही; कित्येक लहान खाणींचे नकाशे कोणी काढलेच नाहीत, काही हरवले, आणि काहींवर बोगदा दाखवला तरी तो पुढे ढासळला की उघडा आहे, हे कागद सांगत नाही. सनीसाइड खाणीतच ४ जून १९७८ रोजी डोंगरावरच्या एमा तळ्याचा तळ फुटून अख्खे तळे खाली खाणीत उतरले होते. रविवार असल्यामुळे आत कोणी नव्हते. वरचे तळे आणि खालची कपार यांच्यामध्ये किती खडक उरला आहे, याचा अंदाज चुकला की काय होते, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

आता मॉडेल खरे की खोटे हे कसे ठरवायचे? रूढ पद्धत अशी की निरीक्षण विहिरींमध्ये मोजलेली पातळी आणि मॉडेलने काढलेली पातळी यांची जुळवणी करायची, आणि त्या जुळेपर्यंत खडकाची जलवाहकता, मुरणाऱ्या पाण्याचे प्रमाण वगैरे आकडे बदलत राहायचे. येथे एक सापळा आहे आणि तो थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे. समजा, डोंगरात वर्षाला १०० मिलिमीटर पाणी मुरते असे धरले आणि खडकाची जलवाहकता अमुक एक धरली, तर विहिरींतल्या पातळ्या बरोबर जुळल्या. आता मुरणारे पाणी दुप्पट करा आणि जलवाहकताही दुप्पट करा. दुप्पट पाणी आत आले, दुप्पट सहजतेने बाहेर गेले, पातळ्या पुन्हा त्याच! दोन्ही मॉडेले विहिरींशी तंतोतंत जुळतात, पण एकाच्या मते डोंगरातून दुसऱ्याच्या दुप्पट पाणी वाहत आहे. शुद्धीकरण प्रकल्प एकाच्या आकड्यावर बांधला आणि खरे दुसरे निघाले, तर प्रकल्प निम्म्यानेच अपुरा पडेल. केवळ पातळी मोजून हा गुंता सुटत नाही. कोठे तरी प्रत्यक्ष वाहते पाणी मोजावेच लागते.

डोंगरातल्या खडकाळ ओढ्यात प्रवाह मोजणे सोपे नाही, कारण निम्मे पाणी दगडगोट्यांखालून जाते. त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे, जी अ‍ॅनिमसच्या उगमाकडच्या ओढ्यांमध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी पुष्कळ वापरली. ओढ्याच्या वरच्या टोकाला ठरावीक वेगाने मिठासारख्या क्षाराचे द्रावण सोडत राहायचे आणि खाली जागोजागी नमुने घ्यायचे. डाळीत पाणी वाढले की मीठ जेवढे फिके लागते त्यावरून किती पाणी वाढले ते कळावे, तसा हा हिशेब आहे. मग प्रत्येक ठिकाणचा प्रवाह आणि तेथले जस्ताचे प्रमाण यांचा गुणाकार केला की त्या जागी दिवसाला किती किलो जस्त वाहते हे निघते. दोन जागांच्या मध्ये हा आकडा एकदम वाढला, आणि तेथे ना खाणीचे तोंड ना कोणती उपनदी, तर तळातून दूषित भूजल वर येत आहे असे समजावे. मॉडेलला अशा मोजमापाचा फार मोठा आधार मिळतो, कारण आता त्याला पातळीबरोबर प्रवाहही जुळवून दाखवावा लागतो. पाण्याचे वय हा आणखी एक साक्षीदार आहे. हवेतील अणुचाचण्यांमुळे १९५० आणि १९६० च्या दशकांत पावसात ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन वाढला होता. बोगद्याच्या पाण्यात त्याचा मागमूस नसेल, तर ते पाणी त्याआधीच जमिनीत मुरलेले, म्हणजे लांबच्या संथ वाटेने आलेले असते.

सिल्व्हर्टनला आणखी एक पेच आहे. तेथील खडकात पायराइट इतके आहे की खाणकाम १८७० च्या दशकात सुरू होण्याच्या हजारो वर्षे आधीपासून काही ओढे आम्लधर्मीच होते. लोहाच्या साक्याने घट्ट सांधले गेलेले जुने दगडगोटे त्याची साक्ष देतात. त्यामुळे नदी ‘पूर्ववत’ करायची म्हणजे कोणत्या स्थितीला न्यायची, हे आधी ठरवावे लागते. निसर्गतःच गढूळ असलेला ओढा स्फटिकासारखा करायला निघालेली योजना पैसे संपवून अपयशी ठरेल. मॉडेलमधून खाणी काढून टाकून, म्हणजे बोगदे नसलेला मूळ डोंगर कल्पून, तो पुन्हा चालवता येतो, आणि खाणीमुळे आलेला वाटा व निसर्गाचा वाटा अंदाजे वेगळे करता येतात. हा उपयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण प्रत्यक्ष मोजमापाने तो कधीच साधणार नाही.

बूच लावू नये, असे गणितातून निघाल्याचे उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. आयर्न माउंटन येथील रिचमंड खाणीत जगात नोंदल्या गेलेल्या सर्वांत तीव्र नैसर्गिक आम्लांपैकी एक सापडले. तेथे पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (ते जितके कमी तितके आम्ल तीव्र), शून्याच्याही खाली, उणे ३.६ पर्यंत मोजला गेला. ही खाण बुजवून भरू द्यावी हा प्रस्ताव तेथेही होता. आत साठलेल्या क्षारांचा हिशेब करून १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले की तसे केले तर सुमारे ६ लाख घनमीटर पाण्याचा, पीएच १ किंवा त्याहून कमी असलेला साठा डोंगरात तयार होईल. खाली सॅक्रामेंटो नदी आहे. खाणीचे पाणी गोळा करून चुन्याने उदासीन करण्याचा कंटाळवाणा, न संपणारा मार्ग तेथे चालू राहिला.

माँटाना राज्यातील ब्यूट येथे प्रश्न उलट्या बाजूने सोडवला गेला. बर्कली पिट ही तांब्याची उघडी खाण आणि तिच्याखालचे बोगद्यांचे जाळे कोरडे ठेवणारे पंप १९८२ मध्ये बंद झाले, आणि खड्ड्याचे आम्लाचे तळे झाले. १९९५ मध्ये त्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मेले, तेव्हा त्याची चर्चा सर्वत्र झाली. पण भूजलशास्त्रज्ञांचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होते. खड्ड्यातली पातळी आजूबाजूच्या भूजलापेक्षा खाली आहे तोवर सगळीकडचे पाणी खड्ड्याकडेच येते, जसे मोरीच्या जाळीकडे यावे तसे. बाहेर काही जात नाही. म्हणून समुद्रसपाटीपासून ५,४१० फूट ही लक्ष्मणरेषा ठरवली गेली. पाणी त्या उंचीला कधी पोहोचेल याचा अंदाज दर काही वर्षांनी नव्या मोजमापाने पुन्हा काढला जाई आणि तारीख मागेपुढे होई. खड्ड्यात येणारा एक मोठा प्रवाह २००३ मध्ये शुद्धीकरणाकडे वळवला गेला तेव्हा चढण्याचा वेग मंदावला. अखेर २०१९ मध्ये, रेषा गाठण्याची वाट न पाहता, खड्ड्यातले पाणी उपसून शुद्ध करून सोडणे सुरू झाले. तारीख सरकली म्हणून अंदाज फसला असे म्हणणारे लोक असतात. तारीख सरकली ती मोजणे चालू होते म्हणून.

गोव्यातही २०१२ मध्ये लोहखनिजाचे उत्खनन थांबल्यावर भूजल पातळीच्या खाली गेलेले खड्डे पाण्याने भरले. तेथील खनिज पायराइटसारखे गंधकाचे नसून ऑक्साइडचे, म्हणजे लोह आणि प्राणवायूचे असल्याने आम्लाची भीती तशी कमी, गाळ आणि उपशाने आटणाऱ्या विहिरी हे दुखणे अधिक; परंतु खड्डा शेजारच्या विहिरींचे पाणी ओढतो की त्यांना पाणी देतो, हे तेथेही पातळ्यांच्या फरकावरच ठरते.

एकच मॉडेल बनवून त्याचे उत्तर ब्रह्मवाक्य मानण्याचे दिवस या क्षेत्रात मागे पडले आहेत. मोजमापाशी जुळणारी शेकडो मॉडेले तयार करायची, प्रत्येकात भेगांचे, मुरणाऱ्या पाण्याचे आकडे थोडे वेगळे, आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा: अमुक बोगदा बंद केला तर पाणी कोठून निघेल? नव्वद टक्के मॉडेलांनी एकाच खोऱ्याकडे बोट दाखवले तर तेथे शुद्धीकरणाची तयारी ठेवता येते. निम्म्यांनी एक आणि निम्म्यांनी दुसरे सांगितले, तर ती मॉडेले नेमकी कशावरून भांडत आहेत हे पाहायचे. बहुधा असे आढळते की एखाद्या ठिकाणच्या खडकाची जलवाहकता कोणालाच ठाऊक नाही. पुढचे छिद्र तेथे पाडायचे. डोंगरात खोल छिद्र पाडणे महाग काम आहे, त्यामुळे कोठे पाडू नये हे कळणेही थोडे नाही.

सिल्व्हर्टनच्या परिसरातील ४८ जागा मिळून बोनिटा पीक या नावाने २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सफाई यादीत घातल्या गेल्या. गोल्ड किंगमधून येणारे पाणी २०१५ च्या ऑक्टोबरपासून खालच्या ग्लॅडस्टोन येथील प्रकल्पात चुना घालून शुद्ध केले जाते. शेजारच्या रेड अँड बोनिटा खाणीत बूच २०१५ मध्येच बांधून तयार झाले होते. त्याला झडप ठेवली होती, आणि दुर्घटनेनंतर ती झडप बंद न करता उघडीच ठेवण्यात आली. अशी झडप थोडी थोडी मिटत नेता येते. प्रत्येक वेळी आतला दाब, आसपासच्या बोगद्यांचे प्रवाह आणि ओढ्यातले जस्त मोजून मॉडेलने सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहता येते, आणि आकडे जुळेनासे झाले तर ती पुन्हा उघडता येते.